बत्तीस नावांचा तक्ता

भावोजींची जमाखर्चाची वही गेली काही वर्षे माझ्या कपाटात आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे सरळ, एकसारखे अक्षर. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. प्रत्येक पानाच्या माथ्यावर गावाचे नाव आणि आठवड्याच्या तारखा. तुर्कस्तानातले अंताल्या, इजिप्तमधले शर्म एल शेख, ट्युनिशियातले मोनास्तिर, इंदूर, लखनौ, पुन्हा अंताल्या. उजवीकडची बाजू पान भरून खाली ओघळते: विमान, हॉटेल, जेवण, गटिंग (रॅकेटला नवी तार ओढून घेणे), व्हिसा, सामानाचे जादा वजन, गुडघ्यासाठी डॉक्टर. डावीकडे बहुतेक पानांवर एकच ओळ असते, आणि ती ओळही बहुतेक वेळा सारखीच असते: 156 डॉलर, कर वजा.

माझा भाचा सात वर्षे व्यावसायिक टेनिस खेळला. आपल्याकडे टेनिस पाहणाऱ्या कोणालाही त्याचे नाव माहीत असण्याचे कारण नाही. तो जिथे खेळत होता तिथे दूरचित्रवाणीचे कॅमेरे नसतात, तिकीट नसते, आणि बऱ्याचदा चेंडू वेचून देणारी मुलेही नसतात. पंधरा हजार डॉलर एकूण बक्षिसाच्या स्पर्धा ही पुरुषांच्या जागतिक टेनिसची सर्वांत खालची पायरी आहे. पूर्वी त्यांना फ्युचर्स म्हणत, आता एम-15 म्हणतात. जगात कुठे ना कुठे त्या जवळजवळ प्रत्येक आठवड्याला चालू असतात आणि क्रमवारीत वर चढू पाहणाऱ्या बहुतेकांना त्यांच्यातूनच जावे लागते. भाच्याने खेळणे थांबवले तेव्हा भावोजींनी वही माझ्यापुढे ठेवली. मी बँकेत होतो, म्हणून एकदा बेरीज करून दे, असे ते म्हणाले. बेरीज मी त्याच रात्री केली. ती त्यांना मी अजून सांगितलेली नाही आणि त्यांनीही परत विचारलेले नाही.

156 डॉलर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. एम-15 स्पर्धेच्या मुख्य तक्त्यात 32 नावे असतात. पाच सामने जिंकून जो विजेता होतो त्याला 2,160 डॉलर मिळतात, उपविजेत्याला 1,272, आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्या सोळा जणांना प्रत्येकी 156. म्हणजे त्या सोळा जणांच्या हाती मिळून पडतात 2,496 डॉलर, एकट्या विजेत्यापेक्षा जेमतेम तीनशे-साडेतीनशेने जास्त. यजमान देशाचा कर त्यातूनच जातो. उरलेल्या पैशात पुण्याहून तुर्कस्तानला जाणे तर सोडाच, तिथल्या हॉटेलातल्या दोन रात्रीही धड निघत नाहीत. ही रक्कमसुद्धा अलीकडे वाढलेली आहे. 1998 मध्ये फ्युचर्स स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा सर्वांत छोट्या स्पर्धेचे एकूण बक्षीस दहा हजार डॉलर होते, आणि ते 2016 पर्यंत, जवळपास दोन दशके, तसेच राहिले. त्या काळात विमानाचे तिकीट, खोलीचे भाडे आणि रॅकेटची तार यांतले काहीही जागच्या जागी थांबले नव्हते.

हे आकडे मला पाठ झाले ते वहीमुळे. पण त्यांच्यामागची एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला फार वेळ लागला. स्पर्धा भरायची तर 32 जण लागतात. विजेता ठरायचा तर सोळा जणांनी पहिल्याच फेरीत हरावे लागते, आणि ते हरणारेही असे असावे लागतात की त्यांना हरवण्याला काही किंमत असावी. लहानपणापासून रोज सहा तास खेळलेले, आपापल्या गावात आणि राज्यात कोणालाही न हरलेले असे ते सोळा जण असतात. वरच्या सगळ्या इमारतीचा भार त्यांच्यावर असतो. आपण मात्र त्यांच्याकडे पाहताना ‘जमले नाही’ एवढाच शेरा मारतो. मीही कित्येक वर्षे मनातल्या मनात तोच मारत होतो आणि त्याची मला आज खंत वाटते.

भाच्याच्या हातात रॅकेट आली ती पुण्यातल्या एका लहानशा क्लबच्या मातीच्या कोर्टवर, वयाच्या सातव्या वर्षी. पुण्यात टेनिसला जुनी मुळे आहेत. नंदन बाळ, गौरव नाटेकर, नितीन आणि संदीप कीर्तने ही नावे आमच्या पिढीने वर्तमानपत्रात वाचली आणि काहींना डोळ्यांनी खेळताना पाहिले. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले, डेक्कन जिमखान्यावर राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या आधाराने महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा वर्षानुवर्षे भरत आली, आणि अहमदाबादची अंकिता रैना पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्या हाताखाली घडली. डिसेंबरातल्या सकाळी जिमखान्याच्या कोर्टाशेजारी चहा घेत उभे राहावे आणि दहा फुटांवर युरोपातल्या कुठल्याशा देशाची मुलगी एकटीच सर्व्हिसचा सराव करत असावी, हे दृश्य पुणेकराला नवे नाही. अंकिता 2020 मध्ये जगात 160 व्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि त्याआधी 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिने एकेरीत कांस्यपदक मिळवले. या दोन ओळी लिहायला मला अर्धा मिनिट लागला. त्यांच्यामागे दहा वर्षांहून अधिक काळ छोट्या स्पर्धांच्या गावोगावी केलेला प्रवास आहे.

अठराव्या वर्षी भाच्यापुढे दोन वाटा होत्या. एक अमेरिकेतल्या विद्यापीठाची. सोमदेव देववर्मन त्या वाटेने गेला, व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 2007 आणि 2008 अशी लागोपाठ दोन वर्षे महाविद्यालयीन एकेरीचा विजेता झाला आणि पुढे जगात 62 वा झाला. आपल्या पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटला शिकला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमला. शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षण, प्रशिक्षक, व्यायामशाळा, प्रवास यांचा भार विद्यापीठ उचलते आणि बावीस-तेविसाव्या वर्षी मुलगा पदवी आणि पिकलेला खेळ घेऊन बाहेर पडतो. दुसरी वाट थेट सर्किटवर उतरण्याची. ताईचे मत पहिल्या वाटेकडे होते. भाच्याला थांबायचे नव्हते. भावोजींनी त्याचे ऐकले आणि निवृत्तीसाठी शिरवळजवळ घेऊन ठेवलेला प्लॉट विकला. वहीचे पहिले पान त्या रकमेने सुरू होते आणि डावीकडे जमेला तेवढी मोठी रक्कम पुन्हा कधीच आलेली नाही.

पहिला गुण. सर्किटवरच्या माणसांच्या बोलण्यात हे दोन शब्द जसे येतात तसे, मला वाटते, आपल्याकडे पहिल्या पगाराबद्दल येतात. मुख्य तक्त्यात एक सामना जिंकला की एक गुण मिळतो आणि तो गुण मिळाला की जागतिक क्रमवारीत माणसाचे नाव उमटते. पण मुख्य तक्त्यात शिरण्यासाठी क्रमवारी लागते आणि क्रमवारी नसेल तर पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून यावे लागते. म्हणजे एका गुणासाठी बहुधा आठवड्यात चार विजय, आणि त्यातला चौथा अशा प्रतिस्पर्ध्यावर, ज्याचे पाय ताजे आहेत. भाच्याला पहिला गुण मिळायला दोन वर्षे लागली. त्या सोमवारी क्रमवारी जाहीर झाली तेव्हा ताईने रात्री उशिरा फोन केला आणि फक्त एवढेच म्हणाली, ‘त्याचं नाव आलं रे.’ कितवे आले हे तिने सांगितले नाही आणि मलाही विचारावेसे वाटले नाही. ते हजाराच्या बरेच पलीकडे होते.

त्या गुणाचे आयुष्य 52 आठवडे. पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात तो आपोआप गळून पडतो आणि त्याची जागा भरायला दुसरा मिळवावा लागतो. त्यामुळे सर्किटवरच्या खेळाडूचे कॅलेंडर दुहेरी असते: पुढे काय खेळायचे आहे हे एक आणि मागच्या वर्षी या आठवड्यात आपण काय केले होते हे दुसरे. भाचा आजारी असला तरी अंगावर ताप घेऊन निघे, कारण मागच्या वर्षी त्याच सुमाराला तो उपांत्यपूर्व फेरीत गेला होता आणि ते दोन गुण जाणार होते. घरी बसल्याने काही साठत नाही, उलट असलेले गळते. मी बँकेत 34 वर्षे काढली, पण अशी ठेव कधी पाहिली नाही.

एकदाच, 2018 च्या सुरुवातीला, मी त्याच्यासोबत तीन आठवडे अंताल्याला गेलो. रजा शिल्लक होती आणि खरे सांगायचे तर तो नेमके काय करतो हे मला बघायचे होते. अंताल्या, शर्म एल शेख, मोनास्तिर या ठिकाणांची गोष्ट अशी की तिथे समुद्रकाठी पर्यटकांची हॉटेले आहेत, हिवाळ्यात ती रिकामी पडतात, आणि त्या हॉटेलांच्या आवारातल्या कोर्टांवर आठवड्यामागून आठवडा स्पर्धा भरवल्या जातात. खेळाडूंना तिथेच राहावे लागते, निदान तसे राहणे सोयीचे पडते, आणि खोल्यांच्या भाड्यातून यजमानाचा खर्च निघतो. म्हणजे खेळाडू ज्या बक्षिसासाठी खेळतात त्याला मोठा हातभार त्यांच्याच खिशातून लागलेला असतो. यात कोणाची लबाडी आहे असे मी म्हणत नाही. ही हॉटेले नसती तर त्या मुलांना खेळायला स्पर्धाच उरल्या नसत्या. पण हिशेब माहीत असावा.

खोलीत दोघे: भाचा आणि युक्रेनचा एक मुलगा, जो बुधवारी त्याचा प्रतिस्पर्धीही असू शकत होता. सकाळी साडेसहाला सरावाच्या कोर्टासाठी नाव लिहायला रांग, कारण कोर्ट थोडे आणि माणसे साठ-सत्तर. सोबत प्रशिक्षक असलेले चार-पाचच. बाकीचे एकमेकांना सराव देत, एकमेकांच्या खांद्याला पट्टी बांधत, एकमेकांचे सामने मोबाइलवर चित्रित करून देत. नाश्त्याला प्रत्येकाच्या पिशवीत दोन केळी आणि उकडलेली अंडी दुपारसाठी जात, कारण दुपारचे जेवण भाड्यात धरलेले नसे. संध्याकाळी स्पर्धेच्या टेबलाशी दुसऱ्या दिवशीचा क्रम लागे आणि त्याभोवती जी गर्दी होई ती मला दहावीच्या निकालाच्या फलकाची आठवण करून देई. रात्री नऊला सगळे आपापल्या घरी फोन करत. कॉरिडॉरमधून चालताना प्रत्येक दारामागून वेगळ्या भाषेत एकच बोलणे ऐकू येई, असे मला वाटे. भाषा कळत नव्हत्या, पण सूर कळत होता.

त्या तीन आठवड्यांत तो चार सामने खेळला. एक जिंकला. जो सामना जिंकला तो दोन तास पन्नास मिनिटे चालला, वारा समुद्रावरून आडवा वाहत होता, आणि पाहायला मी, खोलीतला तो मुलगा आणि एक माळी एवढेच होतो. तिसऱ्या सेटमध्ये 4-5 अशा स्थितीत त्याने सामना हरण्याचे दोन पॉइंट वाचवले, त्यातला एक दुसऱ्या सर्व्हिसवर नेटपर्यंत धावत जाऊन. मी क्रिकेटचे, टेनिसचे मोठे सामने मैदानात बसून पाहिले आहेत. मला आठवतो तो हा. जिंकल्यावर त्याने प्रतिस्पर्ध्याशी आणि पंचाशी हात मिळवला, बाकावर बसला आणि पायमोजे बदलले. दहा मिनिटांनी त्या कोर्टवर दुसरे दोघे आले. त्या दिवशी वहीत डावीकडे लिहायला 258 डॉलर झाले.

2019 हे वर्ष मला वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्या वर्षीचे दुःख नेहमीच्या हरण्यातले नव्हते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने आधी एक मोठा अभ्यास केला होता. 2013 च्या हंगामाच्या आकडेवारीवरून त्यांनी काढले होते की प्रशिक्षकाचा खर्च सोडूनही पुरुष खेळाडूला वर्षाला सरासरी 38,800 डॉलर आणि महिला खेळाडूला 40,180 डॉलर लागतात आणि पुरुषांत साधारण 336 व्या, महिलांत 253 व्या क्रमांकाच्या खाली खर्चाची तोंडमिळवणी होत नाही. निदान अचूक होते. त्यावरचा उपाय मात्र असा निघाला की व्यावसायिक खेळाडूंची संख्याच कमी करावी. 2019 च्या जानेवारीपासून पंधरा हजारांच्या स्पर्धांतून पुरुषांच्या मुख्य क्रमवारीचे गुण मिळणे बंद झाले. त्यांच्यासाठी वेगळे, संक्रमणाचे म्हणून गुण आले. पात्रता फेरीत 24 जणांनाच जागा राहिली. एका सोमवारी माझ्या भाच्याचे नाव क्रमवारीत होते, पुढच्या वेळी पाहिले तेव्हा नव्हते. चार वर्षांच्या धडपडीनंतर सहा गुण होते त्याचे.

त्या वसंतात तो मोनास्तिरला जाऊन एकही सामना न खेळता परत आला. पात्रतेच्या यादीत तो सातवा पर्यायी होता, आणि पाच जणांपर्यंतच नंबर लागला. वहीतल्या त्या पानावर डावीकडे भावोजींनी आडवी रेघ मारली आहे. जगभरच्या खेळाडूंनी आवाज उठवला, सह्यांची पत्रे गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुण परत देण्यात आले. नाव पुन्हा क्रमवारीत आले. पण विशीतल्या मुलाचे सात महिने ही छोटी गोष्ट नाही. ज्यांनी तो निर्णय घेतला त्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. त्यांच्यापुढे आकडे होते. माझ्यापुढे एक मुलगा होता, जो दुपारी जेवून उठल्यावर रॅकेटची मूठ उलगडून पुन्हा गुंडाळत बसे.

आणखी एक गोष्ट आहे, जी घरात फार बोलली जात नाही. 2012 पासून या छोट्या स्पर्धांची गुणसंख्या थेट विकली जाऊ लागली. पंच प्रत्येक पॉइंटनंतर हातातल्या यंत्रावर नोंद करतो आणि ती काही क्षणांत जगभरच्या सट्टा घेणाऱ्यांकडे पोहोचते. ज्या सामन्याला तीन प्रेक्षक असतात त्यावर कुठल्या कुठल्या देशांतली माणसे पैसे लावून बसलेली असतात. टेनिसमधील सचोटीची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने 2018 मध्ये आपला अंतरिम अहवाल दिला. तिने 3,200 हून अधिक खेळाडूंना प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या 14.5 टक्के खेळाडूंनी सामनानिश्चितीची प्रत्यक्ष माहिती असल्याचे सांगितले. पंधरा हजारांच्या स्पर्धांतून ही माहिती विकणे थांबवावे, असेही समितीने सुचवले. जिथे 156 डॉलरसाठी माणूस खेळतो तिथे एक सेट सोडण्याचे दोन-तीन हजार डॉलर कोणी देऊ केले तर काय होईल, हे समजायला समितीची गरज नव्हती.

भाच्यालाही एकदा विचारले गेले होते. एका हॉटेलच्या बाहेर, चांगले बोलणाऱ्या, चांगले कपडे घातलेल्या एका माणसाने. त्याने नकार दिला आणि नियमाप्रमाणे कळवलेही. मला त्याने हे दोन वर्षांनी सांगितले. मी विचारले, मोह झाला होता का? तो म्हणाला, ‘मामा, मोह नाही झाला. पण त्या रात्री झोप आली नाही, कारण त्याला माझा पुढचा सामना कुठे आहे ते पाठ होतं. आपल्या गावात कोणालाच माहीत नव्हतं.’ हरल्यावर त्याच्या फोनवर जे निनावी निरोप येत, आईबहिणीवरून लिहिलेले, ते मी वाचले आहेत. ताईने वाचलेले नाहीत, आणि तिने ते कधी वाचू नयेत असे मला वाटते.

2023 च्या सप्टेंबरात सुमित नागल जे बोलला ते वाचून आमच्या घरी त्या दिवशी बराच वेळ कोणी काही बोलले नाही. एकेरीत त्या वेळी तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्या वर्षी तोवर 24 स्पर्धा खेळून त्याने सुमारे 65 लाख रुपये मिळवले होते आणि तरी, त्याने सांगितले, बँकेत फक्त 900 युरो होते. सोबत एकच प्रशिक्षक ठेवला तरी वर्षाचा खर्च 80 लाखांच्या वर जातो. हा तोच सुमित, ज्याने 2019 च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत रॉजर फेडररकडून पहिला सेट 6-4 असा घेतला होता. भावोजी वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाले, ‘म्हणजे देशात पहिल्या नंबरच्या मुलाचीही वही आपल्यासारखीच आहे.’ त्यांच्या आवाजात समाधान नव्हते. इतकी वर्षे त्यांना वाटत आले होते की आपल्याकडूनच कुठेतरी कमी पडले.

चार महिन्यांनी सुमितने मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत, पात्रतेचे तीन सामने जिंकले आणि पहिल्या फेरीत 31 वे मानांकन असलेल्या अलेक्झांडर बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवले. 1989 मध्ये रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला तिथेच हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकित खेळाडूला नमवणारा तो पहिला भारतीय. एका आठवड्यात 1,80,000 ऑस्ट्रेलियन डॉलर त्याचे झाले आणि त्याच वर्षी तो 68 व्या क्रमांकापर्यंत गेला. टेनिसमध्ये पैसा असा आहे: वर्षभर ओंजळीत काही नाही आणि एका दुपारी, योग्य गावात जिंकलात, तर दोन वर्षांची सोय. 2024 पासून पुरुषांच्या संघटनेने वरच्या 250 जणांना किमान उत्पन्नाची हमी द्यायला सुरुवात केली. त्या वर्षी पहिल्या शंभरांना 3,00,000 डॉलर, 175 पर्यंत 1,50,000 आणि 250 पर्यंत 75,000. हे चांगलेच झाले आणि उशिरा झाले. 251 व्या माणसाने मात्र अजून वहीच ठेवायची आहे.

2018 ते 2023 या काळात बालेवाडीला एटीपी दर्जाची, म्हणजे पुरुषांच्या संघटनेच्या मुख्य मालिकेतली, स्पर्धा होत होती. 2023 मध्ये तिथे पुण्याच्या पंधरा वर्षांच्या मानस धामणेला वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता थेट प्रवेश, मिळाले आणि मायकेल मोविरुद्ध तो 2-6, 4-6 असा हरला तेव्हा आम्ही प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. पुढे ती स्पर्धा पुण्यातून गेली आणि 2024 च्या फेब्रुवारीत तिथे एक पायरी खालची, चॅलेंजर स्पर्धा भरली. मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो ती जिंकला. मी तो आठवडा तिथे होतो आणि तरीही, हे कबूल केले पाहिजे, त्याचे नाव मी महिनाभरात विसरलो. 2025 च्या ऑक्टोबरात ते पुन्हा वाचले. जगात 204 वा असलेला हा माणूस शांघायच्या मास्टर्स स्पर्धेत पात्रतेच्या यादीतही आधी पर्यायी होता. तिथून आत शिरला, उपांत्य फेरीत जोकोविचला आणि अंतिम सामन्यात स्वतःच्या मावसभावाला, आर्थर रिंडरक्नेशला, हरवून विजेता झाला. एवढ्या खालच्या क्रमांकावरून त्या दर्जाची स्पर्धा आजवर कोणी जिंकलेली नाही. एका आठवड्यात तो अकरा लाखांहून अधिक डॉलर घेऊन गेला, जे त्याच्या तोवरच्या सगळ्या कमाईहून जास्त होते. दोघे भाऊ आपल्या ऋतुजा भोसलेच्याच विद्यापीठात, टेक्सास ए अँड एमला, शिकलेले.

सगळ्यांनी ती बातमी मला पाठवली. बघा, होते असेही, असे प्रत्येकाने लिहिले. होते, आणि मला त्याचा मनापासून आनंद झाला. पण माझ्या डोळ्यांपुढे बालेवाडीचा तोच आठवडा आला आणि त्यातला व्हाशेरो आला नाही. मंगळवारची संध्याकाळ आली.

भाच्याने खेळणे 2021 च्या अखेरीस थांबवले. महामारीत मार्च ते ऑगस्ट 2020 सर्किट बंद पडले होते; नंतर तो वर्षभर खेळला आणि मग गुडघ्याने साथ सोडली. निरोपाचा सामना वगैरे काही झाला नाही. एका गुरुवारी पुढच्या स्पर्धेसाठी नाव द्यायची मुदत होती आणि त्याने ते दिले नाही, एवढेच. आता तो सकाळी मुलांना शिकवतो आणि पुण्यात स्पर्धा असली की तिथे गटिंगचे काम घेतो. लग्नकार्यात लोक त्याला विचारतात की टेनिसचे पुढे काय झाले. तो सांगतो, सात वर्षे खेळलो. त्यावर लोक थांबतात, पुढे काहीतरी येईल म्हणून. तो पुढे काही सांगत नाही, आणि आताशा मीही मध्ये पडून काही जोडत नाही.

त्या मंगळवारी मी त्याचा डबा घेऊन गेलो होतो. स्टेडियमच्या पोटातली ती लहानशी खोली, ताण देणारे यंत्र, भिंतीला टेकवलेल्या पंधरा-वीस रॅकेट, प्रत्येकीला चिकटवलेली नावाची पट्टी. साडेआठच्या सुमारास एक उंच, सावकाश चालणारा मुलगा आला. पहिल्या फेरीत दुपारीच हरला होता. मी तो सामना बाहेरच्या कोर्टवर पाहिला होता, तिसरा सेट टायब्रेकवर गेला होता. दोन रॅकेट त्याने टेबलावर ठेवल्या. दोन्हींच्या तारा तुटलेल्या. पुढची स्पर्धा दिल्लीला होती आणि त्याला सकाळी निघायचे होते. भाच्याने ताण किती हवा ते विचारले, मुलगा म्हणाला तेवीस, मग क्षणभर थांबून म्हणाला, नको, साडेबावीस. भाच्याने मान हलवली आणि पट्टीवर लिहून घेतले. सामन्याबद्दल दोघे काही बोलले नाहीत. मुलाने पैसे मोजून दिले, भाच्याने मोजून घेतले.

मुलगा गेल्यावर त्याने जुन्या तारा कापून काढल्या, चौकट दिव्याखाली फिरवून कुठे चीर गेली आहे का ते बोटाने तपासले, आणि नवे रीळ सोडवले. तार लांब होती आणि खोली अरुंद. ‘मामा, डबा राहू दे,’ तो म्हणाला, ‘हे टोक जरा धर. सैल सोडू नकोस.’ मी ते धरले.